उत्तर पाठ, प्रश्न अनोळखी



या सदरात आजवर आपण मुदत ठेवी, नामनिर्देशन, मृत्युपत्र, शैक्षणिक कर्ज अशा जमिनीवरच्या विषयांचा विचार केला. या वेळचा विषय आकाशातला आहे. तो मी निवडलेला नाही. तो एका रविवारी सकाळी आमच्या मोरव्याच्या घरी चालत आला.

भाईंदर स्थानकाकडून उत्तनच्या रस्त्याला लागले की मुर्धा, राई आणि मग मोरवा लागते. निवृत्तीनंतर शांततेच्या ओढीने आम्ही इकडे राहायला आलो. मिठागरांच्या बाजूला आकाश मोकळे आहे आणि मुंबईला येणारी-जाणारी विमाने येथून दिसत राहतात. त्या रविवारी माझा पुतण्या आपल्या मुलीला घेऊन आला. तिची बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. चपला काढण्यापूर्वी ती अंगणात थांबून वर पाहत राहिली, तेव्हाच मला थोडी कल्पना आली.

चहा झाल्यावर पुतण्याने खिशातून एक कागद काढला. "काका, हिला विमान शिकायचे आहे. आधी खासगी वैमानिकाचा परवाना, मग पुढचे पुढे. ही पुस्तकांची यादी कोणीतरी दिली आहे. तुम्ही जन्मभर परीक्षा दिल्यात. यातली कोणती घ्यायची, तेवढे सांगा." यादीत चौदा पुस्तके होती. दोन विषयांना तीन-तीन, आणि खाली चार प्रश्नसंच.

विमानातले मला काही कळत नव्हते, हे मी प्रामाणिकपणे सांगितले. परंतु परीक्षेची पुस्तके हा प्रकार मला चांगला ठाऊक आहे. एम. कॉम.पासून सीएआयआयबीपर्यंत आणि बढतीच्या परीक्षांपर्यंत मी ती विकत घेतली, उसनी आणली, रात्री जागून वाचली आणि काही तर न उघडता रद्दीत घातली. म्हणून मी तिला म्हटले, "तीन महिने दर रविवारी ये. तू वाच, मी शेजारी बसतो." त्या तीन महिन्यांत जे उमगले ते येथे मांडतो. आपल्या समाजातील अनेक घरांत आता मुले-मुली या क्षेत्राकडे वळत आहेत. त्यांच्या पालकांना त्याचा उपयोग व्हावा.

प्रथम परवान्याविषयी. आपल्या देशात तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, देते. खासगी वैमानिक परवान्यासाठी वय १७ पूर्ण, शिक्षण किमान दहावी आणि किमान ४० तासांचे उड्डाण लागते. विद्यार्थी वैमानिकाचा परवाना त्याआधी, १६व्या वर्षी मिळू शकतो. लेखी परीक्षेत हवाई नियम, मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र आणि विमान व इंजिन या विषयांची एकच संयुक्त प्रश्नपत्रिका असते. उत्तीर्ण होण्यास ७० टक्के गुण लागतात. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. या परवान्यावर स्वतःच्या हौसेसाठी विमान चालवता येते. मोबदला घेऊन चालवता येत नाही. नोकरीसाठी व्यावसायिक परवाना लागतो. त्याला २०० तासांचे उड्डाण, स्वतंत्र प्रश्नपत्रिका आणि एका घराच्या किमतीशी तुलना करावी एवढा खर्च आहे. हा फरक पालकांनी पहिल्याच दिवशी समजून घ्यावा.

दुसरी गोष्ट क्रमाची. यादी घेऊन पुतण्या थेट पुस्तकांच्या दुकानात निघाला होता. मी त्याला थांबवले. खासगी परवान्यासाठी द्वितीय श्रेणीची वैद्यकीय तपासणी आवश्यक असते आणि ती डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडेच होते. दृष्टी, रंगांची ओळख, श्रवण, रक्तदाब असे सर्व त्यात तपासले जाते. रंगांधळेपणा असलेल्या माणसाला स्वतःला त्याची कल्पना अनेकदा नसते. कर्ज मंजूर करताना आम्ही आधी मालमत्तेचे कागद पाहत असू, मग परतफेडीचे बोलत असू. येथेही आधी प्रकृती, मग पुस्तके आणि सर्वांत शेवटी प्रशिक्षणाचे शुल्क. तिची तपासणी झाली, ती योग्य ठरली आणि मग आम्ही यादी टेबलावर ठेवली.

त्या चौदा पुस्तकांचे आम्ही चार गट केले.

पहिला गट मूळ दस्तऐवजांचा. यादीत यातले एकही नव्हते, याचे मला नवल वाटले. बँकेत आम्ही गाइड वाचत असू, पण काउंटरवर प्रश्न आला की शेवटचा शब्द रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाचा. विमान वाहतुकीतही तसेच आहे. कायदा, नियम, डीजीसीएच्या सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा एआयपी नावाचा माहितीग्रंथ हे सर्व संगणकावर विनामूल्य वाचता येते. ते पहिल्या दिवशी वाचण्यासारखे नाही, सलग वाचण्यासारखेही नाही. पाठ्यपुस्तकात एखादा नियम आला की मूळ दस्तऐवजात तो शोधायचा आणि शब्द ताडून पाहायचे, एवढेच.

याचे महत्त्व एका उदाहरणावरून कळेल. पुतण्याच्या मित्राने हवाई नियमांचे एक जुने पुस्तक अर्ध्या किमतीत देऊ केले होते. त्याचे पहिलेच प्रकरण १९३४च्या विमान अधिनियमावर होते. तो कायदा आता राहिलेला नाही. १ जानेवारी २०२५पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला. जुने पुस्तक वाचणारा विद्यार्थी खोटे काही शिकत नाही. तो संपलेले खरे शिकतो, आणि परीक्षेत व आकाशात दोन्हींचे फळ सारखेच. म्हणून नियमांचे पुस्तक नेहमी नव्या आवृत्तीचे घ्यावे, आवृत्तीचे वर्ष पाहूनच पैसे द्यावेत.

दुसरा गट मुख्य पाठ्यपुस्तकांचा. येथे आमचा नियम एकच: एका विषयाला एक पुस्तक. हवाई नियमांसाठी आर. के. बाली यांचे आणि हवामानासाठी आय. सी. जोशी यांचे, ही दोन्ही पुस्तके भारतीय विद्यार्थ्यांच्या हातांत वर्षानुवर्षे आहेत. ती आम्ही ठेवली. विमान का उडते, हे समजण्यासाठी ए. सी. केरमोड यांचे 'मेकॅनिक्स ऑफ फ्लाइट' ठेवले. ते प्रथम १९३२ साली प्रसिद्ध झाले आणि सुधारित आवृत्त्यांतून आजही वाचले जाते. हवेचे गुणधर्म कायद्यासारखे बदलत नाहीत, त्यामुळे हे पुस्तक जुने मिळाले तरी चालते. शिवाय अमेरिकेच्या विमान प्रशासनाचे 'पायलट्स हँडबुक ऑफ एरोनॉटिकल नॉलेज' हे सचित्र पुस्तक त्यांनी सर्वांसाठी विनामूल्य उपलब्ध ठेवले आहे. विमानाची यंत्रे आणि उपकरणे समजून घेण्यास ते उत्तम आहे.

मात्र परदेशी पुस्तक वाचताना एक सावधगिरी हवी. अमेरिकेत हवेचा दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात, आपल्याकडे हेक्टोपास्कलमध्ये. त्यांच्या हवामानाच्या प्रकरणांत बर्फ आणि थंड प्रदेशांतील वादळे पानोपानी आहेत. आपला मान्सून, उत्तरेकडील धुळीची आँधी, बंगालमधील कालबैसाखी यांच्यासाठी जोशींकडेच यावे लागते. नियमही वेगळे. तेथील खासगी वैमानिक ठरावीक अटी पाळून डोळ्यांनी पाहत रात्रीही उडू शकतो. आपल्याकडे दृश्य नियमांनुसारचे उड्डाण सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत करता येत नाही. हवाई वाहतूक नियंत्रणाने दिलेली सूट हाच अपवाद. हे वाचल्यावर आमच्या सौ. हसून म्हणाल्या, "म्हणजे सूर्यास्ताचा नियम पाळणारे आपण एकटेच नाही."

तिसरा गट प्रश्नसंचांचा. चारांपैकी एक ठेवला आणि तोही कपाटात बंद केला. त्याविषयी पुढे सविस्तर सांगतो.

चौथा गट 'आता नको' असा. मोठ्या विमानांवरची, व्यावसायिक परवान्याच्या पुढील टप्प्यांची पुस्तके त्यात गेली. ती वाईट नाहीत, पण सतरा वर्षांच्या मुलीच्या टेबलावर ती नुसती राहिली तर धीर खचवतात. न वाचलेले पुस्तक हे थकलेल्या हप्त्यासारखे असते. दिसले की मन खाते.

चौदांतून चार पुस्तके उरली. एक पाचवे यादीत नव्हतेच, ते प्रशिक्षणसंस्थेत मिळते: ज्या विमानावर शिकायचे त्या विमानाचे स्वतःचे हस्तपुस्तक. मर्यादा, आणीबाणीची कृती, नेहमीची कृती, कामगिरीचे तक्ते, वजन व समतोल अशी त्याची प्रकरणे असतात. मला स्वतःला सर्वांत रस आला तो वजनाच्या प्रकरणात, कारण तो चक्क ताळेबंद आहे. सेसना १५२ हे प्रशिक्षणाचे छोटे, दोन आसनांचे विमान घ्या. त्याचे कमाल वजन ७५७ किलो. समजा, रिकाम्या विमानाचे वजन ५१५ किलो आहे. टाक्या भरल्या की वापरता येण्याजोगे इंधन साधारण ९३ लिटर, म्हणजे सुमारे ६७ किलो. ८५ किलोची दोन माणसे बसली की बेरीज ७५२ होते. उरले पाच किलो. हातातली बॅग मागे ठेवायची की नाही, हा प्रश्न येथे शिष्टाचाराचा उरत नाही. आणि एकूण वजन बसले तरी ते पुढे-मागे कोठे आहे, याचा हिशेब पुन्हा वेगळा.

याच हस्तपुस्तकातील कामगिरीचे तक्ते आपल्या उन्हाळ्यात जपून वाचावे लागतात. समुद्रसपाटीपासून हजार फूट उंचीची धावपट्टी आणि मे महिन्यातील ४३ अंश तापमान धरा. त्या उंचीचे प्रमाण तापमान १३ अंश मानतात. प्रत्येक वाढीव अंशाला सुमारे १२० फूट या ढोबळ हिशेबाने विमानाला ती हवा ४,६०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ भासते. धावपट्टी तेवढीच, इंजिन तेवढेच, पण उड्डाणासाठी लागणारे अंतर वाढते. खानदेश-विदर्भात शिकणाऱ्या मुलांसाठी हा पुस्तकी प्रश्न नाही.

आता कपाटातल्या प्रश्नसंचाकडे येतो.

मे महिन्यातील एका रविवारी ती फार आनंदात आली. तिने एका मैत्रिणीकडून दुसरा प्रश्नसंच मिळवला होता आणि त्यावर आठवडाभर सराव करून तिला ८४ टक्के पडू लागले होते. पुतण्या म्हणाला, "काका, सत्तरच लागतात. पुढच्याच फेरीत बसवतो. एवढी जाडी पुस्तके कशाला?" मलाही क्षणभर ते पटले. तेवढ्यात सौ.नी स्वयंपाकघरातून येऊन तिला म्हटले, "मला एक तरी सांग त्यातले."

तिने सांगितले, "विमान जास्त दाबाच्या भागातून कमी दाबाच्या भागात गेले की उंचीमापक खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवतो."

"असे का?"

ती थांबली. मग तेच वाक्य पुन्हा म्हणाली, थोडे हळू.

सौ.नी विचारले, "मग ते उंची मोजते की हवा?"

विज्ञान शाखेत न गेलेल्या माझ्या पत्नीने विचारलेला हा प्रश्न मला आजही सर्वांत मोलाचा वाटतो. उत्तर असे की उंचीमापक उंची मोजतच नाही. तो हवेचा दाब मोजतो आणि वर जाताना दाब ठरावीक रीतीने घटतो असे गृहीत धरून काटा उंचीच्या आकड्यावर नेतो. मूळ दाब बदलला आणि वैमानिकाने तो उपकरणात लावला नाही, तर काटा प्रामाणिकपणे चुकीचे सांगतो. खालच्या थरांत एक हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे २७ ते ३० फूट. उपकरणात १०१३ लावलेले आहे आणि खरा दाब १००३ आहे, तर फरक दहाचा, म्हणजे जवळजवळ ३०० फूट. काटा २,००० दाखवील आणि विमान १,७०० फुटांच्या आसपास असेल. पावसाळ्यात मुंबईकडचा दाब एवढा खाली असणे ही नित्याची गोष्ट आहे. आणि ढगांआडची सह्याद्रीची धार काट्याकडे पाहून खाली सरकत नाही.

हे आम्ही त्या दिवशी पुस्तक उघडून, कागदावर आकडे मांडून समजून घेतले. तिचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, "आजोबा, मला उत्तर येत होते, पण तरी येत नव्हते."

तेव्हा मी तिला एक गोष्ट सांगितली, जी मी घरात कोणालाही सांगितली नव्हती.

तरुण अधिकारी असताना बँकेच्या परीक्षेत मी परकीय व्यवहाराचा पेपर गाइड पाठ करून दिला. त्यात एक प्रश्न होता: लेटर ऑफ क्रेडिटमध्ये वेगळे काही म्हटले नसेल, तर माल जहाजावर चढल्यापासून किती दिवसांत कागदपत्रे सादर व्हावीत? उत्तर २१ दिवस. मी बरोबर खूण केली. वर्षभराने मला तशाच टेबलावर बसवले. एका निर्यातदाराची कागदपत्रे आली. बीजक बरोबर, विमा बरोबर, सह्या बरोबर. मी ती मान्य केली आणि त्याच्या खात्यात रक्कम जमा झाली. जहाजाच्या पावतीवरची तारीख माझ्या डोळ्यांसमोर होती. तिला चोवीस दिवस झाले होते. परदेशातील बँकेने ते बरोबर पकडले आणि पैसे नाकारले. मधल्या काळात मालाचे भाव उतरले होते, खरेदीदाराने त्याचा फायदा घेतला. त्या सज्जन व्यापाऱ्याला कित्येक महिन्यांनी आणि कमी पैसे मिळाले. तो मला एक शब्दही रागाने बोलला नाही, आणि तेच मला अधिक लागले.

'२१ दिवस' हे उत्तर मला पाठ होते. परंतु प्रश्नपत्रिकेत प्रश्न 'मी प्रश्न आहे' असे सांगत येतो, खाली चार पर्याय घेऊन येतो. टेबलावर तो एका पिवळ्या कागदाच्या कोपऱ्यात, अस्पष्ट शिक्क्याखाली तारीख होऊन बसला होता. मला तो ओळखता आला नाही. माझ्या चुकीने एका माणसाचे पैसे अडकले. माणूस सुखरूप राहिला. वैमानिकाच्या चुकीला एवढी सवलत मिळतेच असे नाही.

मी पुतण्याला त्या दिवशी परीक्षा एक फेरी पुढे ढकलायला सांगितले. तो नाराज झाला. वेळ जातो, बरोबरची मुले पुढे जातात, हे त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. मीही बाप आहे. परंतु मुलीनेच सांगितले, "पप्पा, मला आणखी वेळ द्या," आणि विषय संपला.

त्यानंतर आम्ही अभ्यासाची जी पद्धत बसवली ती थोडक्यात देतो. ती वैमानिकांपुरती नाही. कोणत्याही परीक्षेला चालेल.

एक, प्रकरण वाचून झाले की पुस्तक मिटायचे आणि वहीत आठ-दहा ओळींत ते स्वतःच्या शब्दांत लिहायचे. पहिली ओळ मराठीत. परीक्षा इंग्रजीत आहे, रेडिओवरचे संभाषणही इंग्रजीत आहे, आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी भाषेच्या सहा पायऱ्यांपैकी किमान चौथी गाठावी लागते. म्हणून इंग्रजीला पर्याय नाही. परंतु समजले की नाही, याची परीक्षा आपल्याच भाषेत होते. 'स्टॉल' म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे. पंखावर हवा येण्याचा कोन फार वाढल्यामुळे पंखाने विमान पेलणे सोडणे, हे तिने मराठीत लिहिले तेव्हाच तिच्या मनातील मोटारगाडीचा अर्थ गेला.

दोन, प्रत्येक सूत्र आपल्या ओळखीच्या जागांवर चालवून पाहायचे. मार्गनिर्देशनात 'साठास एक' असा सुंदर नियम आहे: साठ मैलांवर एक अंशाची चूक म्हणजे एक मैलाचे विचलन. जुहू ते धुळे सरळ रेषेत सुमारे दीडशे सागरी मैल. साठ मैलांनंतर आपण वाटेच्या तीन मैल डावीकडे आहोत असे दिसले, तर चूक तीन अंशांची. तशीच ठेवली तर धुळ्याला पोचेपर्यंत साडेसात मैल बाजूला. नकाशा, पट्टी आणि कोनमापक घेऊन तिने हे आमच्या जेवणाच्या टेबलावर काढले.

तीन, आठवड्यातून एकदा घरातील अशा माणसाला समजावून सांगायचे ज्याला त्यातले काहीच येत नाही. आमच्याकडे ते पद सौ.नी भूषवले. त्यांचा 'असे का?' हा एक प्रश्न कोणत्याही प्रश्नसंचाहून कठीण असे.

चार, प्रश्नसंच शेवटच्या तीन आठवड्यांत. तोही उत्तरांसाठी नव्हे, उणिवा शोधण्यासाठी. बरोबर आलेल्या उत्तरापुढे 'का' लिहायचे आणि उरलेले तीन पर्याय का चुकीचे, तेही लिहायचे. लिहिता आले नाही तर ते उत्तर आपल्या खात्यात जमा धरायचे नाही.

पाच, पुस्तकांच्या चोरट्या प्रती घ्यायच्या नाहीत. मोबाइलवर त्या सहज फिरतात. लेखकाचे आणि प्रकाशकाचे कष्ट बुडतात हे तर झालेच. शिवाय त्या कोणत्या आवृत्तीच्या, कोणती पाने गाळलेल्या, हे कळायला मार्ग नसतो. नियमांच्या अभ्यासाची सुरुवात नियम मोडून करू नये, एवढे आपल्या घरांत वेगळे सांगायला नको.

एका रविवारी मी तिला घेऊन जुहूला गेलो. भाईंदरहून लोकलने अंधेरी, पुढे रिक्षा. कुंपणाबाहेरूनच पाहिले. १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये याच जुहूवर जे. आर. डी. टाटा उडायला शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपाल घेऊन कराचीहून निघालेले छोटे विमान त्यांनी अहमदाबादमार्गे येथेच उतरवले. पन्नास वर्षांनी, १९८२मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला. मी तिला म्हटले, "एक फेरी पुढे गेली तर काही बिघडत नाही. ज्याला पन्नास वर्षे उडायचे आहे, त्याने तीन महिन्यांची घाई करू नये."

परीक्षा अजून व्हायची आहे, त्यामुळे निकाल काय लागेल हे मी सांगू शकत नाही. सांगण्यासारखे एवढेच आहे. गेल्या रविवारी पाऊस थोडा थांबला होता. ती अंगणात उभी राहून मोबाइलवर मुंबई विमानतळाचा दर अर्ध्या तासाने येणारा हवामानाचा अहवाल वाचत होती. सांकेतिक अक्षरांची ती ओळ मला अजूनही नीट वाचता येत नाही. ती आत येऊन म्हणाली, "आजोबा, आज दाब १००४ आहे. १०१३ तसेच ठेवले तर काटा अडीचशे फूट जास्त दाखवील." तिला कोणी काही विचारले नव्हते. समोर चार पर्यायही नव्हते.

मी पुतण्याकडे पाहिले. तो काही बोलला नाही, पण त्याने खिशातून प्रशिक्षणाच्या शुल्काचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. आता त्याचा हिशेब मांडायचा आहे. कर्ज किती घ्यावे, तारण काय द्यावे आणि मध्येच शिक्षण थांबले तर काय, हे पुढील अंकात.